पडद्याआडचा पेशंट

आमच्या घरात आजारी माणसाला एकटं राहायची परवानगी कधीच नव्हती. साधं पडसं झालं तरी उशाशी खुर्ची यायची आणि खुर्चीत माझी नणंद. बोलायची नाही, पाय चेपायची नाही, नुसती बघत बसायची. माझ्या नवऱ्याला एकदा गोवर निघाला, चांगला दाढीमिशीवाला बाप्या झाल्यावर. तेव्हा तो कळवळून म्हणाला होता, "ताई, गोवराने मी मरणार नाही, पण तू अशी बघत राहिलीस तर लाजेने नक्की मरेन." ताईने थर्मामीटर घालून त्याचं तोंड बंद केलं.

ही त्याची थोरली बहीण. सगळी हयात मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डाची सिस्टर म्हणून काढली. मेट्रन काही ती झाली नाही, कारण मेट्रन झालं की कचेरीत बसावं लागतं आणि कचेरीतून पेशंट दिसत नाहीत. तरी आमच्या इमारतीत सगळे तिला मेट्रनच म्हणतात आणि ती कोणाची चूक सुधारत नाही. मी तिला तोंडावर वन्सं म्हणते, अहो-जाहो करते. इथे मात्र एकेरीच लिहिणार, कारण मी लिहिलेलं ती वाचत नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून ती मला 'बी.ए.' अशी हाक मारते, आणि त्या हाकेत आदराचा लवलेशही नाही.

तिचे नियम दगडावर कोरलेले. पेशंट नजरेसमोर हवा, नजरेआड गेला तो हातचा गेला. पलंगाजवळ पसारा नको. पोटात काय गेलं आणि बाहेर काय आलं, दोन्ही डोळ्यांनी बघायचं. आणि पेशंटशी खोटं बोलायचं नाही. 'सगळं ठीक होईल' हे वाक्य तिने उभ्या जन्मात कोणाला ऐकवलं नाही. लोक तिला दगड म्हणायचे. पण तीच जेव्हा 'आज बरी आहे' म्हणायची, तेव्हा बाहेरच्या बाकावरची माणसं ढसाढसा रडायची, कारण ते खरं असायचं.

ती निवृत्त झाली, माझा नवरा गेला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. तिच्या वाट्याला आता एकच पेशंट, मी, आणि मी घोड्यासारखी ठणठणीत. बिचारीचे फार हाल झाले.

आमच्या इमारतीच्या तळाला चष्म्यांचं दुकान आहे. चष्मेवाले दुकानामागच्याच खोलीत राहतात. एकटे, सडसडीत, बोलायला तिरकस. एका सकाळी ते जिना चढून वर आले. हातात उंच जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यात पानांची गच्च फांदी, आणि फांदीला धरून मुठीएवढं हिरवं काहीतरी.

"हे काय आणि?" मी विचारलं.

"शॅमेलिऑन. सरडाच, वहिनी, पण खानदानी."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते. हा जिना चढून आमच्याकडे कसा आला?"

"बघा तर खरं. एक डोळा तुमच्याकडे, एक खिडकीकडे. दोन्ही डोळे आपापले फिरतात. माझा जन्म गेला लोकांचे दोन डोळे एका रेषेत आणण्यात, आणि हे बेणं बघा! चष्मा नाही, नंबर नाही, मागचं-पुढचं सगळं दिसतं. लहानपणापासून हवा होता मला. काल आणला."

मेट्रन सरड्याकडे बघतच नव्हती. ती चष्मेवाल्यांकडे बघत होती. उठली, त्यांना खिडकीच्या उजेडात ओढलं आणि अंगठ्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी खाली केली. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांचे डोळे तपासत आला, तो शाळकरी पोरासारखा वर बघत उभा राहिला.

"हळद झालीय डोळ्यांची. पोटात दुखतं?"

"थोडं."

"खोटं बोलू नका."

"फार दुखतं," चष्मेवाले म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग सगळं बाहेर आलं. पित्ताशयात खडे, त्यातला एक नळीत अडकलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आजच्या आज भरती व्हा. आणि हे महाशय सरडा घेऊन इमारतीत फिरत होते.

"याला टाकून कसा जाऊ?" ते म्हणाले. "नवी जागा, नवी हवा. दुकानदार म्हणाला, सुरुवातीचे दिवस फार नाजूक. हा जरा रुळला की जातो मी."

"तो रुळेपर्यंत तुम्ही उरायचे नाही," मेट्रन म्हणाली. "ठेवा तो इथे. मी बघते."

"नीट बघाल?"

"तुम्ही परत याल तेव्हा जिवंत असेल."

माझ्या हातातली कपबशी तशीच राहिली. या बाईने शब्द दिला? जिने आपल्या सख्ख्या भावाच्या शेवटच्या आजारात मला 'बरा होईल' असं एकदाही म्हटलं नाही, तिने? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीही चपापली होती. पण चष्मेवाले उठले, पिंजऱ्याच्या जाळीवर हात ठेवला, म्हणाले, "तुमचा शब्द आहे म्हणून जातो," आणि पिशवी भरायला खाली गेले. शब्द गेला तो गेला.

त्याच दिवशी माझ्या बैठकीच्या खोलीचं इस्पितळ झालं. माझं लिहायचं टेबल स्वयंपाकघरात गेलं. खिडकीजवळ तिपाईवर पिंजरा, त्याच्यासमोर हातभर अंतरावर खुर्ची, आणि खुर्चीत मेट्रन, पाठ ताठ, हात मांडीवर. पिंजऱ्यातली पानांची फांदी तिने पहिल्या झटक्यात काढून फेकली. "धूळ बसते. आणि पेशंट दिसत नाही." पिंजरा साबणाने घासला, पुसला, वाळवला. आत एक साफ गुळगुळीत काठी आडवी लावली. पाण्याची पांढरी वाटी ठेवली. सगळं इतकं स्वच्छ की मलाही तिथे जीव नकोसा झाला असता.

सरडा काठीवर बसला. बसला म्हणजे काठीला चिकटला. त्याचं हिरवं अंग संध्याकाळपर्यंत मळकं झालं, दुसऱ्या सकाळी तपकिरी.

खाद्य म्हणून चष्मेवाल्यांनी रातकिड्यांचा एक डबा दिला होता. तो माझ्या ओट्यावर, साखरेच्या शेजारी आला. मी काही बोलले नाही. बोलून उपयोग असता तर मी या घरात इतकी वर्षं बोललेच आहे. मेट्रनने चिमट्यात एक रातकिडा धरला आणि सरड्याच्या तोंडाशी नेला. सरड्याने तोंड उघडलं. मी म्हटलं, चला, सुटलो. पण तो खात नव्हता, फिस्कारत होता. अंग चपटं करून फळीसारखा झाला आणि क्षणात काळा पडला.

"खा रे बाळा," मेट्रन म्हणाली. ज्या आवाजात ती वॉर्डातल्या हट्टी म्हाताऱ्यांना दूध पाजत असे, तोच आवाज.

"वन्सं, तो घाबरलाय."

"पेशंट घाबरतातच. घाबरला म्हणून उपाशी ठेवायचं?"

चमच्याने पाणी पाजायचा प्रयत्न झाला, त्याने मान फिरवली. टॉर्च मारून डोळे तपासले गेले. मग मी बाजारातून आले तर काय बघते, माझ्या स्वयंपाकाच्या काट्यावर, ज्यावर मी पीठ मोजते, सरडा! मेट्रनने त्याला हातमोजा घालून धरला होता आणि काट्याकडे वाकून बघत होती.

"वजन उतरलंय," ती म्हणाली. माझ्या ओरडण्याकडे तिने लक्षच दिलं नाही. तिचा चेहरा असा होता की माझं ओरडणं आपोआप थांबलं.

दुपारी फोन आला. चष्मेवाल्यांना इस्पितळात सलाईन चढत होतं, ताप उतरला की ऑपरेशन करणार होते. मेट्रनने फोन टेबलावर ठेवून स्पीकरचं बटण दाबलं, कारण तिला हल्ली कानाशी फोन धरून नीट ऐकू येत नाही. त्यामुळे मलाही सगळं ऐकावं लागलं.

"कसा आहे?"

"खात नाही."

"रंग काय आहे?"

"गडद."

"गडद म्हणजे?"

मी तिच्याकडे बघून जोरजोरात हात हलवले. हिरवा म्हण, बाई! काय बिघडतं?

"काळा," मेट्रन म्हणाली.

पलीकडे पलंग करकरला. मग, "मी येतो घरी."

"पलंगावरून पाय खाली टाकलात तर मी तिथे येऊन बांधून घालीन."

"मेट्रन, तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय ना. तो जिवंत आहे. उद्या फोन करा," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि परत खुर्चीत जाऊन बसली. मी तिच्या मागोमाग गेले.

"अहो, आजारी माणसाला हिरवा सांगितला असता तर तुमचं काय गेलं असतं? ते तिकडे जीव टांगणीला लावून पडलेत!"

"खोटं बोलायला कॉलेजात शिकवतात का गं, बी.ए.?"

"थोडंफार शिकवतात. त्याला माणुसकी म्हणतात."

"आज हिरवा सांगितला आणि उद्या मेला, तर परवा मी चष्मेवाल्यांना 'तुमचा ताप उतरलाय' म्हटलेलं खरं वाटेल का?" असं विचारून ती पुन्हा पिंजऱ्याकडे वळली. माझा पारा चढला. मी जाऊन जोरात भांडी घासली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, मला आठवत नाही, सरड्याने भर उन्हात डोळे मिटले. ते गोल, फिरते, बुरुजासारखे डोळे आत गेले होते. मेट्रनचा रंगही त्याच्यासारखाच उतरला होता. खुर्ची सोडायला ती तयार नव्हती, जेवण तिथेच, डुलकी तिथेच. पिंजऱ्याखालच्या ट्रेमध्ये पडलेली घाण तिने कागदावर घेऊन मला दाखवली. पांढरी असायला हवी ती नारिंगी, खडूसारखी कोरडी होती. "आत पाणीच नाही उरलं," ती म्हणाली. मी न विचारता चप्पल घातली आणि रस्त्याच्या टोकाला दवाखाना असलेल्या जनावरांच्या डॉक्टरणीला बोलावून आणलं.

डॉक्टरीण तरुण, बूट वाजवत आली. पिंजरा बघितला, काठी बघितली, वाटी बघितली, शेवटी खुर्ची बघितली. खुर्ची तिने सगळ्यात जास्त वेळ बघितली.

"इथे कोण बसतं?"

"मी," मेट्रन म्हणाली.

"किती वेळ?"

"उठतेच कशाला?"

डॉक्टरणीने सरड्याला हात न लावता, बाजूने वाकून तपासला. मग आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं.

"आजी, स्पष्ट बोलू?"

"मला तसंच आवडतं."

"त्याला काही झालेलं नाही. त्याला तुम्ही झालात."

 मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

"हा प्राणी लपून जगतो," डॉक्टरीण सांगू लागली. "दोन मोठे डोळे सतत आपल्याकडे रोखलेले दिसले की त्याच्या लेखी एकच अर्थ, कोणीतरी आपल्याला खाणार आहे. तुम्ही पानं काढलीत, लपायला जागा ठेवली नाहीत. आणि वाटीतलं साठलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. पानावर हलणारा थेंब दिसला तर तो चाटतो. पानं परत घाला, वरून थेंब थेंब पाणी पडेल असं काहीतरी करा, दोन-चार रातकिडे आत सोडा, आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी पडदा लावून खोलीचं दार ओढून घ्या. अजिबात बघू नका."

"नाही," मेट्रन म्हणाली.

"काय नाही?"

"पानं घालते. थेंबांचंही बघते. पडदा नाही."

"आजी, पडदाच तर मुख्य आहे."

"पडदा नाही म्हटलं ना!" ती इतक्या जोरात ओरडली की डब्यातले रातकिडे गप्प झाले.

डॉक्टरीण माझ्याकडे बघून, "आजचा नि उद्याचा दिवस. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही," एवढं म्हणून बूट वाजवत निघून गेली.

तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मेट्रनच्या वॉर्डात तेव्हा पलंगापलंगाला पडदे नव्हते. सगळ्या वॉर्डाला मिळून एक चाकांचा पडदा होता, लोखंडी चौकटीवर हिरवं कापड. त्याचं एक चाक कुरकुरायचं. तो ज्या पलंगाकडे जायचा, त्या पलंगावरची बाई सकाळपर्यंत नसायची. ते चाक कुरकुरलं की सबंध वॉर्डातल्या बायका भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायच्या. एकीने तर, अजून धडधाकट बोलत असताना, मेट्रनचा हात धरून सांगितलं होतं, "सिस्टर, तो माझ्याकडे आणू नका. तुम्ही बसा." मेट्रन बसली. ती बाई वाचली. तेव्हापासून तिच्या हिशोबात पडदा म्हणजे हात टेकणं, आणि खुर्ची म्हणजे झुंज. आता तुम्ही अशा बाईला सांगा, खुर्ची उचल आणि पडदा लाव.

मी सांगून पाहिलं. "वन्सं, हा वॉर्ड नाही."

"माझ्या नजरेसमोर आहे तोवर तो आहे."

"तुमच्या नजरेनेच तो चाललाय!"

ती खुर्चीत बसून राहिली, आणि समोर तो जीव, कोळशासारखा काळा, डोळे मिटून काठीला चिकटलेला. एक बघून मारत होती आणि एक बघितला जाऊन मरत होता, आणि मी दारात उभी, दोघांवरही सारखीच चिडलेली.

दुपारी फोन वाजला.

"उद्या सकाळी ऑपरेशन," चष्मेवाले म्हणाले. आवाज खोल गेलेला. "रंग काय?"

"काळा. आणि डोळे मिटलेत."

मी कपाळावर हात मारला.

"मग मी त्यांना सांगतो, पुढे ढकला. मला येऊन बघायचंय. असा जाऊ दिला तर मला..." 

"ऐका," मेट्रन म्हणाली.  टेबलाची कड तिने धरली होती. "डॉक्टरीण म्हणते, त्याला मी झालेय. मी बघायचं सोडलं, पडदा लावला तर जगेल म्हणते. मला ते जमत नाहीये."

माझ्या आयुष्यात मी तिच्या तोंडून 'जमत नाही' हे शब्द पहिल्यांदा ऐकले. तेही एका पेशंटला सांगताना.

 मग चष्मेवाले म्हणाले, "मेट्रन, मी लोकांच्या डोळ्यांत दिवसभर दिवा मारतो. बघायला लागतंच मला. पण दिवा काढल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. मी दिवा तसाच ठेवून 'वाचा, वाचा' म्हटलं तर कसं वाचतील?"

मेट्रनने टेबलाची कड सोडली.

"आणि हे बघा. मलाही उद्या एका दाराआड नेणार. तिथे तुम्ही नसणार. कोण काय करतंय, मला कळणार नाही. मला काय कमी भीती वाटते? तरी तुम्ही म्हणता म्हणून जायचं ना मी?"

"जायचं."

"मग तुम्ही पडदा लावा. मी जातो. दोघांनीही जमवू."

"चष्मेवाले, मी आता शब्द देणार नाही हं."

"नकाच देऊ. पडदा लावा."

फोन बंद झाला. मेट्रन बाह्या सरसावून म्हणाली, "बी.ए., पानं आण." आणि मी धावले. या वयात धावले, कारण तो आवाज वॉर्डातला होता.

सज्ज्यातला माझा मनीप्लांट, ज्याला मी कोणाला हात लावू देत नाही, मुळापासून कापला गेला. जास्वंदीच्या दोन फांद्या गेल्या. मेट्रनने आपल्या पेटीतून सलाईनची नळी काढली, जुनी पण बंद पाकिटातली. कशाला जपून ठेवली होती देव जाणे, बहुतेक माझ्यासाठी. पिंजऱ्याच्या वर खिळ्याला पाण्याची बाटली उलटी टांगली, नळी जाळीतून आत घातली, नळीवरची चाकी फिरवत फिरवत थेंब जुळवले. टप्. थांबून टप्. थेंब एका पानावर पडून दुसऱ्यावर ओघळत होता. ते करताना तिचे हात तरुण होते. रातकिडे सोडले. खिडकीची बाजू उजेडाला उघडी ठेवून खोलीच्या बाजूला तिने आमच्या जाड चादरी लावल्या. शेवटची चादर लावताना ती थबकली. मग लावली. खोलीबाहेर आली, दार ओढलं आणि मला म्हणाली, "इथे बस. मला आत जाऊ देऊ नकोस. मी काहीही म्हटलं तरी."

तर अशी मी बी.ए. झालेली बाई एका सरड्याच्या दाराशी पहारेकरी म्हणून बसले.

सकाळी चष्मेवाल्यांना नेलं असेल त्या वेळेपासून मेट्रनला सुचेना. तिने सगळी भांडी काढली, घासली, परत लावली. कपाटातले कागद बदलले. मला विचारलं, "पाणी संपलं असेल का बाटलीतलं?" मी म्हटलं, नाही. "नळी निसटली असेल." नाही निसटली, थेंब ऐकू येतोय. "नुसतं दारातून बघते." खाली बसा. "तू कोण मला खाली बस सांगणारी?" तुम्हीच नेमलेली. तिने माझ्याकडे असं बघितलं की वॉर्डातल्या शिकाऊ पोरी का रडायच्या ते मला कळलं. पण मी खुर्ची दाराला आणखी टेकवली.

फोन वाजत नव्हता. आतून एका रातकिड्याची किरकिर चालली होती, सारखी, कान किटवणारी. मी मनातून त्या किरकिरीला शिव्या देत होते.

आणि किरकिर थांबली. मध्येच, सुरात असताना, तोडल्यासारखी.

मेट्रनचा हात पुसायच्या फडक्यावर तसाच राहिला. वॉर्डात आवाज असा मध्येच थांबला की काय समजायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती दाराकडे आली.

"सरक."

"नाही."

"बी.ए., सरक. काहीतरी झालंय आत."

"झालं असेल तर झालं. रातकिडा गेला असेल पोटात."

"किंवा तो गेला असेल."

"किंवा तो गेला असेल," मी म्हटलं. खोटं तिला चालत नाही म्हणून खरंच बोलले. "पण बघून तो परत येणार नाही, आणि जिवंत असेल तर बघून मात्र जाईल. बसा वन्सं."

ती बसली. माझ्या खुर्चीशेजारी, जमिनीवर, भिंतीला टेकून. तिचं गुडघेदुखीचं वय, तरी बसली. तिने माझा पदर धरला होता, ते मला खूप वेळाने कळलं. आतून फक्त थेंब. टप्. टप्.

मग फोन वाजला. चष्मेवाल्यांच्या वॉर्डाच्या सिस्टरचा. मेट्रन उठेचना, मीच घेतला. ऑपरेशन झालं, खडा निघाला, माणूस अजून गुंगीत आहे.

"गुंगीत म्हणजे श्वास कसा? नाडी?" मेट्रनने खालूनच विचारलं. पलीकडच्या सिस्टरने ऐकलं असावं. ती म्हणाली, "आज बरे आहेत." मेट्रनने मान भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. तिला 'बरे आहेत' असं सांगणारं आजवर कोणी नव्हतं, आजवर तीच सांगत आली होती.

दुसऱ्या दिवशी माझी कॉलेजची मैत्रीण आली होती, नीटनेटकी, नाजूक बाई. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेत होतो. बैठकीच्या खोलीच्या बंद दाराबद्दल तिने सभ्यपणे काही विचारलं नव्हतं. पिंजऱ्याचा ट्रे तरी पुसलाच पाहिजे, एवढी सूट मी मेट्रनला दिली होती, तीही नजर खाली ठेवून, हात फक्त पडद्याखालून घालून. ती आत गेली. मी कान देऊन बसले.

धाडकन दार उघडलं आणि मेट्रन कागदाचा चिटोरा दोन्ही हातांत धरून आली, आणि तो तिने आमच्या बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"पांढरं!" ती म्हणाली. "बघ बी.ए., पांढरंशुभ्र! आणि ओलं!"

माझी मैत्रीण उठून उभी राहिली. मी वाकून बघितलं. खरंच पांढरं होतं. आयुष्यात कोणाची घाण बघून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी चष्मेवाल्यांचा आवाज फोनवर आला, कागदासारखा पातळ.

"मेट्रन. रंग काय आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"बघितला नाही. पडदा लावलाय. शी पांढरी आहे."

पलीकडे काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. "हसवू नका हो," ते कण्हत म्हणाले, "टाके दुखतात."

ते घरी आले ते एका हाताने पोट धरून, जिना एकेक पायरी चढत. मेट्रन कठड्याशी उभी होती, त्यांचे डोळे आधी तपासले, मगच आत घेतलं. बैठकीच्या खोलीचं दार त्यांनी हळूच उघडलं, चादर एका बाजूने उचलली आणि आत वाकून बघितलं.

"या की," ते म्हणाले. "किती दिवस बघितला नाहीत."

"नको. मी इथूनच ठीक आहे."

"या हो. तुमचा शब्द आहे, बघून तरी घ्या."

ती आली. थेट समोर नाही, भिंतीच्या कडेने, तिरकी, तोंड खिडकीकडे ठेवून, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून. माझ्या मनीप्लांटच्या पानांत तो बसला होता. हिरवा, इतका हिरवा की आधी मला सापडलाच नाही. पानावर थेंब पडला, त्याने तो चाटला. मग त्याचे बुरुज फिरले, एक चष्मेवाल्यांवर थांबला, दुसरा मेट्रनवर.

काळा पडला नाही.

माझ्याकडे बघायला त्याला तिसरा डोळा नव्हता. मनीप्लांट माझा, चादरी माझ्या, पीठ मोजायचा काटा माझा, आणि मला त्याने विचारलंसुद्धा नाही.